सभासद क्रमांक एकशे सतरा

“अहो! लाज नाही वाटत? वाचनालयाच्या पुस्तकात लिहिताय?”

वल्लरीचा आवाज तसा गोड. पण पुस्तकावर पेन्सिल टेकलेली दिसली की तिचा तोल जायचा. सांगली स्टँडवर कराडमार्गे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलेली दहाबारा माणसं वळून बघायला लागली. बाकाच्या टोकाला बसलेला तरुण असा दचकला, की त्याच्या हातातली पेन्सिल निसटली आणि घरंगळत वल्लरीच्या चपलेपाशी येऊन थांबली. ती उचलायला तो वाकला आणि तिथूनच वर बघत म्हणाला, “पुस्तकात नाही हो... चिठ्ठीवर लिहितोय. चिठ्ठी पुस्तकावर ठेवलीय, एवढंच.”

खरंच की! खाकी कव्हर, त्यावर वाचनालयाचा गोल शिक्का आणि वर अभिप्रायाची पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात क्रमांक होता – ११७.

वल्लरीनं तो आकडा दोनदा वाचला.

आता हे एकशे सतरा प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. वल्लरीचे वडील, चिंतामणराव, सांगलीतल्या एका वाचनालयाचे कार्यवाह. बी.ए. झाल्यापासून वल्लरी संध्याकाळी तिथलं काउंटर सांभाळायची. कुपवाडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी दर पंधरवड्याला पुस्तकांची एक पेटी जायची. एका कारखान्याचा हजेरी घेणारा टाइमकीपर ती वाटायचा आणि परत गोळा करून पाठवायचा. नावांची यादी त्याच्यापाशी, वाचनालयात नुसते क्रमांक. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पाकिटात एक कोरी चिठ्ठी असायची – ‘पुस्तक कसे वाटले? चार ओळी लिहा.’ ही वल्लरीची कल्पना. बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्याच यायच्या. कुणी ‘छान’ लिहायचं. एकानं ‘मधली पाने नाहीत’ असं लिहिलं होतं, आणि ती खरंच नव्हती.

मग आला एकशे सतरा!

ताऱ्यांवरचं एक पुस्तक परत आलं, त्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं – ‘तांबडा तारा कमी तापलेला आणि पांढरा जास्त, हे मला पुस्तकाआधी आमच्या भट्टीनं शिकवलं. लोखंडही आधी तांबडं होतं, मग पिवळं, मग पांढरं. आता रात्रपाळीहून सुटलो की वर बघतो आणि कुठली भट्टी किती पेटलीय ते मोजतो.’ वल्लरीनं ती चिठ्ठी तीनदा वाचली. पुढच्या पंधरवड्याला मनःशांतीवरचं एक आध्यात्मिक पुस्तक आलं. त्यात होतं – ‘लेखक म्हणतात, मन शांत करा. पण पहाऱ्यावरच्या माणसाला मन झोपवून चालत नाही. जागं राहून शांत राहता आलं तर खरं.’ अगंबाई, भट्टीवरचा माणूस पहाऱ्याबद्दल इतकं नेमकं कसं लिहितो? कल्पनाशक्ती दांडगी असणार, असं तिनंच ठरवून टाकलं.

आणि तिसरी चिठ्ठी... तिसऱ्या चिठ्ठीनं घात केला. तीन जावांच्या एका घराची जाडजूड कादंबरी होती. थोरली जाऊ सगळ्यांना छळते. वाचणारे सगळे तिच्या नावानं बोटं मोडायचे. एकशे सतरानं लिहिलं होतं – ‘थोरली वाईट नाही. चारशे पानांत तिला एकदाही कुणी विचारलं नाही, की तू जेवलीस का. मग ती वाकडी वागणार नाही तर काय करणार?’

वल्लरीनं ती चिठ्ठी पाकिटात परत ठेवलीच नाही. पर्समध्ये ठेवली. असं लिहिणारा पुरुष जगात आहे आणि तो आपल्यापासून पाच-सहा किलोमीटरवर कुपवाडला राहतो, या विचारानं ती दोन दिवस धड जेवली नाही. पुढच्या चिठ्ठ्यांखाली ती उत्तरं लिहून पेटीतून पाठवू लागली, सही फक्त ‘ग्रंथपाल’. त्याचीही उत्तरं त्याच चिठ्ठ्यांवर येऊ लागली. असं वर्ष गेलं.

आणि तो हा इथे, बाकावर! सावळा, हातांवर भाजल्याचे बारीक डाग, इस्त्रीचा शर्ट आणि डोळ्यांत भलतीच भीती.

“काय लिहिताय?” तिनं शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

“आमचे ग्रंथपाल काका आहेत ना, त्यांना उत्तर. फार कडक आहेत हो! मागच्या वेळी मी ‘मला वाटते’ चारदा लिहिलं, तर त्यांनी चारही ठिकाणी खूण केली. रिटायर्ड हेडमास्तर असणार.”

“असतील,” वल्लरी म्हणाली. ओठ दाबून हसू आवरताना तिचे डोळे पाण्यानं भरले. “वयस्कर असतील.”

“सत्तरीचे तरी. पण माणूस मनानं चांगला आहे.”

गाडी आली. ती मैत्रिणीच्या लग्नाला कराडला निघालेली, तो सुट्टीला उंब्रजला, घरी. शेजारची सीट रिकामी होती – म्हणजे तिनं पर्स ठेवून ती रिकामी राखली होती, पण हे आपल्या दोघांतच राहू द्या. त्याचं नाव शिवतेज. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरी चार एकर ऊस, आणि हा कुपवाडच्या फाउंड्रीत.

जानेवारीचे दिवस होते. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि एसटी मुंगीच्या पावलानं चालायला लागली. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास येत होता. गाडी अगदीच थांबली, तेव्हा शिवतेज खाली उतरला आणि एका गाडीवानाकडून उसाचं कांडं मागून आणलं.

“घ्या. सोलता येतं ना?”

“येतं की!” वल्लरी म्हणाली. दातानं पहिलीच साल ओढताना तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

“द्या इकडं... सांगलीची माणसं रसच पिणार.” त्यानं सोलून, तुकडे करून ते तिच्या रुमालावर ठेवले. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली नाहीत. लागू नयेत म्हणून त्यानं एवढी खबरदारी घेतली, की तिला ती लागल्यापेक्षाही जास्त कळली.

कराड कधी आलं ते तिला समजलंच नाही. उतरताना ती दारात थांबली. “एक सांगायचं राहिलं. ‘मला वाटते’ चारदा लिहिलंत ना, ते खरंच जास्त झालं होतं. आणि मी सत्तरीची नाही. तेवीस पूर्ण आहेत.”

शिवतेजचं तोंड उघडं राहिलं ते गाडी सुटेपर्यंत तसंच.

मग काय! पेटीची वाट कोण बघतो? दर बुधवारी पाळी संपली की एकशे सतरा मोटरसायकलवरून स्वतः काउंटरला हजर. कधी एक पुस्तक द्यायला, कधी तेच परत न्यायला.

“हे तर तुम्ही मागच्या बुधवारी नेलं होतं.”

“पुन्हा वाचावंसं वाटलं.”

“ऊस लागवडीची माहितीपुस्तिका?”

“...शेवट फार चांगला आहे.”

ती हसायची, तो लाल व्हायचा. ग्रह-ताऱ्यांवर, लोखंडावर, जुन्या यंत्रांवर तो तासन्‌तास बोलायचा. पण तिनं कादंबरीचा विषय काढला, थोरल्या जावेचं नाव घेतलं, की गडी गप्प. “ते... घरी गेलो की सुचतं,” एवढंच म्हणायचा. लाजतोय बिचारा, वल्लरीला वाटायचं. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं आपल्या सोयीचंच वाटतं.

गुढीपाडव्याआधीच्या रविवारी वाचनालयाचा वाचक मेळावा असायचा. वर्षातला उत्कृष्ट वाचक निवडायचा, त्यानं व्यासपीठावर येऊन ‘मी या वर्षी काय वाचलं’ यावर पंधरा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची. वल्लरीनं एकशे सतराचं नाव पुढं केलं. चिंतामणरावांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा चष्मा वरखाली करत वाचला.

“वल्ली, हे एका माणसाचं लिखाण नाही.”

“अक्षर बघा ना, बाबा! एकच आहे.”

“अक्षर एक आहे. म्हणून तर म्हणतो, कुठूनतरी उतरवलेलं असणार.”

“नाही! मी त्यांना ओळखते. मी शब्द देते हवं तर.”

चिंतामणराव नियमाचे पक्के. कार्डाच्या मागे छापलेला सातवा नियम – ‘एका कार्डावर एकानेच वाचावे, घरातील इतरांस पुस्तक देऊ नये’ – सगळ्या सांगलीत पाळणारा हा एकच माणूस. बायकोलाही त्यांनी वेगळं कार्ड काढायला लावलं होतं. “तुझा शब्द आहे म्हणून निवडतो,” ते म्हणाले. “पण लक्षात ठेव, चारशे माणसांसमोर प्रश्न मी विचारणार आहे.”

बुधवारी तिनं शिवतेजला बातमी दिली. तो खूश होईल, निदान लाजेल, असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का पण?”

“वल्लरी, त्या चिठ्ठ्या... मी तुम्हाला एक सांगणार होतो...”

“काही सांगू नका!” तिनं पर्समधून ती जपून ठेवलेली पिवळी चिठ्ठी काढली. बोलायचं ठरवलं की वल्लरी बोलायचीच. “ही बघा. वर्ष झालं, मी ही घेऊन फिरतेय. बाईच्या मनातलं इतकं ज्याला कळतं, त्याच्याबरोबर... त्याच्याबरोबर मी कुठेही जाईन. झालं? आता नको म्हणणार आहात?”

शिवतेज चिठ्ठीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

“येतो मेळाव्याला,” तो म्हणाला आणि हातातलं पुस्तक तिथंच विसरून निघून गेला.

हे काय वागणं? वल्लरीला पहिल्यांदाच शंका आली. बाबांचं खरं असलं तर? आपण ज्याला जीव लावला, तो माणूस मुळात नसलाच तर?

मेळाव्याच्या दिवशी हॉल गच्च भरला. शिवतेज आला, पण एकटा नाही. बरोबर फेटा बांधलेले, ताठ कण्याचे वडील नाथाजी आणि इरकलीतली ठेंगणी आई, साळूबाई. दोघं पहिल्या रांगेत अंग चोरून बसले. शिवतेजनं वल्लरीकडे पाहिलंच नाही.

नाव पुकारल्यावर तो माइकसमोर उभा राहिला. सुरुवात झकास झाली. आकाश, तारे, भट्टी... लोक माना डोलावत होते. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांनी शिट्टीसुद्धा मारली. वल्लरीचा जीव भांड्यात पडला. आणि मग तो मध्येच थांबला.

“इथपर्यंत माझं,” तो म्हणाला. “पुढचं माझं नाही.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

“कार्ड माझ्या नावावर आहे, पण वाचणारे आम्ही तिघं. मी सुट्टीला घरी जातो आणि पुस्तक मोठ्यानं वाचतो. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मनःशांतीवर ते बोलले, मी लिहून घेतलं. घरच्या, संसाराच्या गोष्टींवर आई बोलली, तेही मी लिहून घेतलं. भाषा तेवढी पुस्तकी केली. थोरल्या जावेबद्दल माझं काही मतच नव्हतं. मलाही ती वाईटच वाटली होती. बक्षीस मला घेता येत नाही. आणि... दुसरंही काही घेता येत नाही, जे मला फार हवं होतं.”

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते चारशेंपैकी एकीला कळलं. तिचे कान तापले. राग आला, रडू आलं, आणि मेलं, त्यातच कुठेतरी अभिमानही वाटला. गप्प बसला असता तर बक्षीसही मिळालं असतं आणि तीही. एवढं पदरात पडत असताना कोण सोडतं हो?

चिंतामणराव उठले. “नियम सातप्रमाणे हे कार्ड बाद होतं,” ते म्हणाले. “आणि क्षमा करा, पण आता हेही नुसतं यांनी सांगितलं म्हणून मी मानणार नाही. बाई, तुम्ही पुढं या.”

साळूबाई घाबरल्या. नाथाजींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तशा त्या पदर सावरत माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्या कपाळापर्यंत येत होता. वल्लरी धावत गेली आणि तिनं तो खाली केला.

“कादंबरीतली धाकटी जाऊ शेवटी घर सोडून जाते,” चिंतामणराव म्हणाले. “सगळे म्हणतात, थोरलीच्या त्रासानं गेली. तुमचं काय म्हणणं?”

“आवं सायेब, मला वाचाया येत न्हाई,” साळूबाई म्हणाल्या. “पोरगं वाचतं, मी भाकरी थापत ऐकती.”

“ऐकलंत ते सांगा.”

“थोरलीच्या तरासानं कशाला जाईल? भांडायला हाय कोन, म्हंजी मानूस हाय की घरात! ती गेली नवऱ्यापायी. त्यो लय चांगला, कवा आवाज चढवला न्हाई, समदी म्हनत्यात. पर त्यो तिच्याशी बोलतोच कुटं? आख्ख्या पुस्तकात त्यो बायकूला कायबी इचारत न्हाई. नुसतं, ‘आई काय म्हनली?’ ‘वैनी काय म्हनली?’ आरं, तू काय म्हन्तोस ते सांग की! मुकं घर नगं वाटतं बाईला. म्या आसती, तर पयल्याच वर्साला ग्येली आसती.”

मागच्या बाकावरची एक बाई खुदकन हसली, आणि पुढच्याच क्षणी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की साळूबाई दोन पावलं मागं सरकल्या. चिंतामणराव चष्मा काढून पुसत राहिले. ती कादंबरी त्यांनी चार वेळा वाचली होती. धाकटीच्या नवऱ्याचा त्यांना एकदाही संशय आला नव्हता.

“बक्षीस वाचकाला आहे,” ते अखेर म्हणाले. आवाज जरा बसला होता. “ज्यांना अक्षर येत नाही, त्यांना वाचक म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.”

“म्हणायचं!” हॉल गरजला.

“मग साळूबाई, हे तुमचं. आणि सातवा नियम... सातव्या नियमाकडे समिती बघेल.”

नाथाजी उभे राहिले आणि त्यांनी बायकोला कडक सॅल्यूट ठोकला. साळूबाई पदराआड तोंड लपवून हसायला लागल्या. शाल त्यांच्या खांद्यावर, नारळ हातात आणि सगळा हॉल उभा!

शिवतेज मात्र मागच्या दारानं बाहेर पडला होता. वल्लरीनं त्याला मोटरसायकलीच्या रांगेपाशी गाठलं.

“पळताय?”

“नाही... म्हणजे हो.” तो वर बघेना. “तुमचा भ्रमनिरास झाला. माफ करा.”

“झाला तर काय! वर्षभर मी एका माणसावर जीव टाकला आणि निघाल्या कोण? साळूबाई! मुली नवऱ्याच्या प्रेमात पडतात, मी थेट सासूच्याच पडले!”

‘सासू’ हा शब्द तोंडातून गेला आणि मग तिला ऐकू आला. तिनं जीभ चावली.

“शिवतेज,” ती हळूच म्हणाली, “आज तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कधी कळलं असतं?”

“नसतं कळलं. पण मग जन्मभर आईचं बोलणं चोरून तुमच्यापुढं उभा राहिलो असतो. ते जमणार नव्हतं.”

“बरं. मग आता तुमचं सांगा. ताऱ्यांचं नको, वडिलांचं नको, आईचं तर नकोच. तुमच्या मनातलं, तुमच्या तोंडानं. मी आत्ता लिहून घ्यायला बसलेय असं समजा.”

तो घुटमळला. शर्टाचं बटण चाचपलं. “मला असे वाटते, की आपला परिचय झाल्यापासून...”

“खूण करू का?”

तो हसला. मग सगळी पुस्तकी भाषा बाजूला राहिली आणि उंब्रजचा पोरगा थेट तिच्या डोळ्यांत बघून बोलला. “तुमी मला लय आवडता. त्या दिवशी स्टँडवर ओरडला, तवापासनं. बुधवार सोडून बाकीचे दिवस मला नकोच वाटत्यात. लगीन कराल माझ्यासंगं?”

वल्लरीला जे वर्षभर चिठ्ठ्यांत सापडत नव्हतं ते हे होतं, आणि ते तिच्यासाठीच होतं.

“करीन,” ती म्हणाली. “चला आत.”

“आत? आत्ता? तुमचे वडील—”

“आत्ताच. सगळे आहेत.”

आत नाथाजी आणि चिंतामणराव चहाचे कप हातात धरून मन जागं असावं की शांत, यावर हमरीतुमरीवर आले होते. चहा केव्हाच गार झाला होता.

“बाबा,” वल्लरी म्हणाली, “मला यांच्याशी लग्न करायचंय.”

चिंतामणराव मुलीकडे बघत राहिले. मग शिवतेजकडे, नाथाजींच्या फेट्याकडे, पुन्हा मुलीकडे. त्यांची जात, आपली जात, सांगलीतले नातेवाईक काय म्हणतील – सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकत गेलं. वल्लरीनं मान खाली घातली नाही.

“साळूबाई,” ते हळूच वळून म्हणाले, “तुम्ही मघाशी माझे डोळे उघडलेत. यात तुमचं काय मत?”

“माजं?” साळूबाईंनी नारळ कडेवरच्या लेकरासारखा सावरला आणि वल्लरीला विचारलं, “पोरी, ह्यो बोलला का तुज्याशी? सोताच्या तोंडानं?”

“बोलले. लय चांगलं बोलले.”

“मंग न्हाई मुकं ऱ्हायचं आमचं घर,” साळूबाई म्हणाल्या. “माजी ना न्हाई.”

“मीसुद्धा नाही म्हणत नाही,” चिंतामणराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच शिवतेजचा हात हातात घेतला.

नाथाजींनी असा काही आवाज दिला की हॉलच्या दारापर्यंत गेलेली माणसं परत वळली. काय झालं, काय झालं करत सगळे भोवती जमले. कुणीतरी पेढे आणायला पळालं. त्या सगळ्या गर्दीत, सगळ्या सांगलीदेखत, वल्लरीनं शिवतेजचा दुसरा हात धरला आणि तो तिनं सोडला नाही.